वॉर्निंग गिळण्याचं शास्त्रशुद्ध शिक्षण

स्टॅटिक अ‍ॅनालिसिस शिकायचं ठरवलंत? छान. प्रोग्राम न चालवता, नुसता वाचून त्यातल्या चुका हुडकायच्या. सुरुवात राइसच्या प्रमेयापासून करा. 1953 सालचं आहे. प्रोग्राम चालताना काय करेल याबद्दलच्या कुठल्याही अर्थपूर्ण प्रश्नाचं, सगळ्या प्रोग्रामना लागू पडेल असं बिनचूक हो-नाही उत्तर देणारा प्रोग्राम लिहिताच येत नाही, असं ते सांगतं. एवढं पाठ झालं की पुस्तक मिटा. मीटिंगमध्ये हात वर करायला हे जन्मभर पुरतं.

पुढची पानं उलटू नका. तिथे कूझो या संगणकशास्त्रज्ञ दाम्पत्याने 1977 मध्ये काढलेला तोडगा आहे: नेमक्या उत्तराचा हट्ट सोडा, व्हेरिएबलची किंमत '0 ते 100 मध्ये कुठेतरी' एवढंच धरा, अंदाज ऐसपैस चालेल, पण खरी किंमत त्याबाहेर जाता कामा नये. याच पायावर उभ्या असलेल्या अ‍ॅस्ट्रे या टूलने 2003 मध्ये एअरबस ए340 च्या उड्डाण-नियंत्रणाच्या 1,32,000 ओळी 1 तास 20 मिनिटांत तपासून रनटाइम एरर (प्रोग्राम चालताना होणाऱ्या चुका) नाहीत हे सिद्ध केलं. (आपली रोजची स्टँडअप मीटिंग कधीकधी याहून लांबते.) असलं काही वाचलं की सबबी आटतात.

प्रात्यक्षिकाला अ‍ॅपलचा 2014 चा बग घ्या. 'गोटू फेल' (मधलं सगळं सोडून थेट शेवटी उडी मार) ही ओळ चुकून लागोपाठ दोनदा पडली. पहिली इफच्या, म्हणजे अटीच्या ताब्यात. दुसरी दिसायला तिच्याच रांगेत, पण मोकाट, त्यामुळे दर वेळी चालणारी. सर्व्हरची सही तपासणारा खालचा कोड तसाच पडून राहिला, आणि 'एरर' या व्हेरिएबलमध्ये तोवर शून्य, म्हणजे 'सगळं ठीक'. खोट्या सर्व्हरलाही आयफोन मान डोलवत होता. खालचा कोड कधीच चालणार नाही, हे क्लँग हा कंपायलर सांगू शकतो. पण ती वॉर्निंग वेगळी मागावी लागते, नेहमीच्या वॉर्निंग चालू करणाऱ्या '-वॉल' या पर्यायात ती येत नाही. तेव्हा मागूच नका.

ऑफिसात टूल बसवलंत की पहिल्याच दिवशी वॉर्निंगचा पूर येईल. सगळ्याला 'बेसलाइन' म्हणा, मागची पापं माफ. नव्या येतील त्यांच्यासमोर 'नोलिंट' (या ओळीबद्दल गप्प बस, असं टूलला सांगणारी खूण) टाका आणि कारण लिहा: 'फॉल्स पॉझिटिव्ह', म्हणजे टूलची नाहक ओरड. नल पॉइंटरची (कुठेच न नेणाऱ्या पत्त्याची) तक्रार असेल तर 'इथे नल येतच नाही' असं ठणकावून लिहा. कशावरून, ते माहीत असलेला माणूस नोकरी सोडून गेलाय. डॅशबोर्ड हिरवागार होईल, अप्रेझलला कामी येईल.

आणि एखादी नवी ट्रेनी ते नोलिंट एकेक काढून बघायला लागली, तर तिला त्याच दिवशी युजर मॅन्युअलच्या कामाला जुंपा.