डाव्या पायाचं काय करायचं?

आनंदनगरहून हिंजवडीला जाताना आपण क्लच किती वेळा दाबतो, ते मी एकदा मोजायला घेतलं. वारज्याच्या पुलापर्यंत आकडा २१२ वर गेला. तेवढ्यात मागच्या टेम्पोवाल्याने हॉर्न मारला आणि मोजणी चुकली. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची हिंमत झाली नाही, कारण चांदणी चौक अजून यायचाच होता. संध्याकाळी जिना चढताना डावा गुडघा सुपारी फोडल्यासारखा वाजला. डॉक्टरांनी पाय वाकवून पाहिला, सरळ करून पाहिला आणि विचारलं, "गाडी गिअरची आहे का?"

"म्हणजे? बिनगिअरची असते?" मी म्हणालो. ते माझ्याकडे बघत राहिले. त्यांची स्वतःची ऑटोमॅटिक खाली उभी होती.

तेरा वर्षांची गाडी बदलायची हे घरात ठरलेलंच होतं. रंगावरूनही भांडण नव्हतं, पांढराच. पण जेवताना मी "या वेळी ऑटोमॅटिक घ्यावी का?" असं नुसतं म्हणालो आणि बाबांचा घास हातात राहिला.

"गिअर नसलेली गाडी म्हणजे फोडणी नसलेलं वरण," ते म्हणाले.

"साधं वरण तर तुम्हाला रोज लागतं, बाबा," बायको म्हणाली आणि तेच त्यांना वाढलं.

बाबांचं वय ७६. त्यांचं म्हणणं मी समजू शकतो. त्यांच्या चेतकचे चारही गिअर डाव्या मुठीत होते आणि रोज सकाळी ती स्कूटर आडवी झोपवून उठवल्याशिवाय ऑफिसला निघत नसे. पुढे सेकंडहँड फियाट आली, तिचा गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. दुसरा टाकायला गेलं की कधी कधी चौथा पडायचा. गाडी चालवणं हे कष्टाचं काम आहे आणि ते कष्ट दिसले पाहिजेत, असं या पिढीचं मत. आमच्या शेजारच्या काकांनी कायनेटिक होंडा घेतली तेव्हा "बटण दाबून स्कूटर चालू करतो, बायकी काम" म्हणून बाबांनी त्यांच्याशी महिनाभर राजकारणावर बोलणं टाकलं होतं.

मी स्वतःही या धर्मातलाच. सिंहगडाच्या घाटात पावसाळी रविवारी गाड्यांची रांग लागते. पुढची गाडी दोन हात सरकते, थांबते, पुन्हा दोन हात सरकते. मागच्याने बंपर अगदी चिकटवलेला असतो. हँडब्रेक ओढायचा, हाफ क्लचवर इंजिनाचा आवाज जड झाला की हँडब्रेक सोडायचा आणि गाडी तसूभरही मागे न जाता उचलायची. ते जमलं की मी हळूच शेजारी बघतो, बायकोने पाहिलं का म्हणून. ती खिडकीतून धुकं बघत असते. वर पोचेपर्यंत पाचपन्नास गाड्यांच्या क्लचप्लेटांचा जळका वास आणि कांदाभज्यांचा वास असे काही एकजीव झालेले असतात, की मला आता भज्यांची भूक लागायलाही क्लच जाळावा लागतो.

तर शोरूम. आमच्या वाट्याला आलेला मुलगा माझ्या मुलापेक्षा दोन-तीन वर्षांनीच मोठा असेल. "सर, ऑटोमॅटिकमध्ये कुठली?" हा प्रश्न त्याने "चहा की कॉफी" इतक्या सहज विचारला. मला वाटलं होतं, निवड दोनातून करायची आहे. इथे ऑटोमॅटिकच्याच पोटजाती निघाल्या.

एएमटी म्हणजे गिअरबॉक्स आपला जुनाच, क्लचही तोच, फक्त तो दाबायला यंत्राचा एक गडी नेमलेला. २०१४ साली सेलेरियोने हा गडी आपल्याकडे स्वस्तात आणला. काम इमानाने करतो, पण दर गिअरला क्षणभर विचार करतो आणि तेवढ्यात गाडीतले सगळे एकदम मान डोलावतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, आत भजन चाललंय. सीव्हीटीत मुळात गिअरच नाहीत. दोन पुल्या लहानमोठ्या होतात आणि त्यांच्यावर पट्टा फिरतो. जोरात पाय दिला की आधी इंजिन ओरडतं, गाडी मागाहून निघते. डीसीटीला एक नाही, दोन क्लच. एक विषम गिअरचा, एक सम गिअरचा. दुसऱ्यात असताना तिसरा तयारच. पण कोरड्या क्लचची डीसीटी सरपटत्या ट्रॅफिकमध्ये तापते म्हणे. म्हणजे तिला हिंजवडी मानवणार नाही. ती मलाही मानवत नाही, पण माझा इलाज नाही. टॉर्क कन्व्हर्टरमध्ये इंजिनाची ताकद तेलातून पुढे जाते, म्हणून तो चालतो लोण्यासारखा. आम्ही बघत होतो त्या गाडीत एएमटीला पन्नास-साठ हजार जास्त पडत होते, त्याच्या वरच्या पोटजातींना लाखाच्या पुढे.

"सीव्हीटी म्हणजे तीच ना, कायनेटिक होंडात होती ती?" बाबा अचानक म्हणाले. "८४ साली आली होती."

शोरूमचा मुलगा ८४ साली जन्मला नव्हता. मी होतो, पण मलाही हे माहीत नव्हतं. महिनाभर ज्या स्कूटरच्या नावाने बोटं मोडली, तिची एवढी माहिती बाबांनी कधी काढली, ते विचारायची ती जागा नव्हती. विषय बदलायला त्यांनीच हुकमी प्रश्न टाकला, "बॅटरी उतरली तर धक्का मारून चालू होईल का?"

"नाही, सर."

बाबांनी माझ्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं. आमच्या घराण्यात धक्का मारणं ही जवळजवळ कुळाचाराची गोष्ट आहे. माझ्या लग्नात वरातीची गाडी मी स्वतः उतरून ढकललेली आहे.

टेस्ट ड्राइव्हला मी बसलो. "सर, डावा पाय विसरून जा," मुलगा मागून म्हणाला. तीस वर्षांची सवय अशी सांगून विसरता येत असती, तर काय हवं होतं! डी, म्हणजे ड्राइव्ह, टाकला, ब्रेक सोडला, आणि ॲक्सिलरेटरला पायही न लावता गाडी आपली आपण चालू लागली. मी दचकलो. दचकलेल्या माणसाचा डावा पाय जिथे जातो तिथेच तो गेला, सगळं बळ लावून. तिथे क्लच नव्हता, ब्रेकचं रुंद पॅडल होतं. गाडी जागच्या जागी खिळली. बायकोची पर्स डॅशबोर्डवर, शोरूमच्या मुलाचा टॅब माझ्या मानेवर. बाबांचा चष्मा हँडब्रेकपाशी सापडला. पुढचे दोन किलोमीटर मी डावा पाय सीटखाली दुमडून, अर्धी मांडी घालून चालवली. वारज्याच्या सिग्नलला गाडी उभी होती, मागे घसरली नाही, बंद पडली नाही, माझ्याकडून काहीच मागत नव्हती. रिकामा डावा हात मी गिअरच्या दांड्यावर नुसता ठेवून दिला.

परत आलो तेव्हा बाबा म्हणाले, "मी एक चक्कर मारू?"

मी आणि बायकोने एकमेकांकडे बघितलं. पाच वर्षांपूर्वी गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांनी स्टिअरिंग सोडलं होतं, क्लच दाबवत नाही म्हणून. ऑपरेशन डाव्याच गुडघ्याचं. लायसन्स मात्र त्यांनी वेळच्या वेळी नूतनीकरण करून ठेवलं होतं. शोरूमच्या मागच्या मोकळ्या जागेत त्यांनी तीन चकरा मारल्या. चौथीला त्यांनी शोरूमच्या मुलाला खाली उतरवलं.

"हीच घ्यायची," उतरल्यावर ते म्हणाले. "फोडणीचं नंतर बघू."

गाडी येऊन दोन महिने झाले. माझा गुडघा वाजत नाही. बायको म्हणते, तिला आधीपासून माहीत होतं. वीस वर्षं गिअर न टाकता ॲक्टिव्हावर सगळं घर वाहिलंय तिने. प्रश्न फक्त सकाळचा आहे. साडेसहाला किल्ली खुंटीवर नसते. बाबा दूध आणायला गेलेले असतात. दूध सोसायटीच्या गेटवर मिळतं. कालची पिशवी त्यांनी कात्रजहून आणली.