'अडाणी बायका भुलतात' म्हणणाऱ्यांना उत्तर

नमस्कार.

'हेल्थ ड्रिंक' म्हणून विकल्या जाणाऱ्या, दुधात घालायच्या पावडरींच्या जाहिरातींवरच्या माझ्या लेखावर तुम्ही वेळ काढून लिहिलंत, आभारी आहे. एक चूक मान्य करतो. एएससीआय, म्हणजे जाहिरातींवर लक्ष ठेवणारी 'अॅडव्हर्टायझिंग स्टँडर्ड्स कौन्सिल ऑफ इंडिया', ही मी लिहिलं तशी सरकारी संस्था नाही, १९८५ साली जाहिरात व्यवसायानेच उभी केलेली आहे. लेखात दुरुस्ती केली आहे.

पण पुढे तुम्ही लिहिता, "डोकं वापरणारा माणूस जाहिरातीला भुलत नाही, भुलतात त्या अडाणी बायका." हे लिहिताना हात अडखळला नाही तुमचा?

माझ्या वडिलांचं किराणा दुकान होतं. दहावीपर्यंत रोज संध्याकाळी मी गल्ल्यावर बसायचो. मागच्या आळीतल्या काकू साखर पावशेरच न्यायच्या, तीही उधारीच्या वहीत मांडून. पण एक तारखेला पदराची गाठ सोडायच्या आणि चुरगळलेल्या नोटा सरळ करत अशाच एका हेल्थ ड्रिंकच्या डब्याचे पैसे रोख मोजायच्या. पोराची उंची वाढायला हवी होती ना! टीव्हीवर तसं सांगत होते. कंपनीचं नाव मी घेत नाही. तोच डबा समोरचे वकीलसाहेबही न्यायचे, महिन्याला दोन. मागचं बारीक अक्षर ना काकूंनी वाचलं, ना वकीलसाहेबांनी. मीही नाही, मोठेपणी वाचलं तेव्हा कळलं, काकू पावशेरावर भागवायच्या ती साखरच त्या डब्यात भरलेली होती.

आता वकीलसाहेब अडाणी होते का, ते तुम्हीच सांगा.

आणि ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. तरी ऑनलाइन दुकानांत त्या नावाचा अख्खा विभाग होता. एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ही पेयं त्यातून काढायला सांगितलं, त्याच महिन्यात हिंदुस्तान युनिलिव्हरनेही हॉर्लिक्सच्या वर्गाच्या नावातला 'हेल्थ' शब्द काढला. तोवर मोबाइलवरून हे डबे घरपोच मागवणारी माणसं शिकलेलीच होती. शिकलेल्याला वाटतं, आपण फसत नाही, म्हणून तो डबा उलटून बघत नाही.

जाहिरातींशिवाय वर्तमानपत्रं कशी चालतील, हा तुमचा प्रश्न वेगळा विषय आहे. 'लेखक डावा दिसतो' या तुमच्या शेऱ्याला उत्तर द्यायची मला गरज वाटत नाही.

बायकांबद्दलचं ते वाक्य मात्र आधी मागे घ्या, मग पुढचं बोलू.