तिने ग्रंथ विकले, एवढेच का सांगता?

आज संध्याकाळी आमच्या धर्मग्रामाच्या (चर्चच्या पॅरिशच्या) महिला मेळाव्यात वक्त्यांनी मेक्सिकोच्या सोर (म्हणजे सिस्टर) हुआना इनेस दे ला क्रूझ या सतराव्या शतकातल्या संन्यासिनी कवयित्रीची कथा सांगितली आणि ती ऐकून मी अक्षरशः धुमसत घरी आले. त्यांनी हुआनाच्या लेखनाला जेमतेम पाच मिनिटे दिली. उरलेले सगळे भाषण तिने अखेरीस ग्रंथ कसे विकले, पैसे गरिबांना कसे वाटले आणि 1695 च्या साथीत आजारी भगिनींची सेवा करता करता प्राण कसा सोडला, यावर. बायका डोळे पुसत होत्या. मला मात्र माझी मावशी आठवत होती.

मावशी सिस्टर, म्हणजे ख्रिस्ती मठातली संन्यासिनी होती. शाळेत मराठी शिकवायची आणि जुन्या चाचणी परीक्षांच्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर कविता लिहायची. ते कागद मधोमध दुमडून, गोधडीच्या जाड दोऱ्याने शिवून तिने केलेल्या वह्या मी लहानपणी हाताळल्या आहेत. पुढे एका मदर सुपीरियरने, म्हणजे मठप्रमुख सिस्टरने, तिला बजावले की प्रार्थनेच्या वेळात हे चालणार नाही. बाकीचा वेळ तर शाळेचा आणि मठाचा होताच. मावशीने लिहिणे सोडले. तिच्या अंत्यविधीच्या प्रवचनात याचा उल्लेख ‘लेखनाचाही त्याग’ असा कौतुकाने झाला. आज तोच सूर पुन्हा कानावर पडला.

अहो, त्या बाईचे आयुष्य तरी नीट सांगा! आईवडिलांचा विवाह झालेला नाही, आईला अक्षरओळख नाही, आणि ही मुलगी तिसऱ्या वर्षी थोरल्या बहिणीच्या मागे शाळेत जाऊन वाचायला शिकते. चीज खाल्ल्याने बुद्धी मंद होते असे कुणीतरी म्हटले म्हणून आवडते चीज सोडते. लॅटिनचा ठरवलेला भाग केस वाढेपर्यंत आला नाही तर वाढलेले केस पुन्हा कापून टाकते, कारण ज्ञान नसलेल्या डोक्यावर केसांची शोभा कशाला, असा तिचा हिशेब. मला मुलाचे कपडे घालून विद्यापीठात पाठवा, असा आईकडे हट्ट धरते. ती मठात गेली तेही मुख्यतः लग्न नको म्हणून आणि अभ्यास करता यावा म्हणून, हे तिने स्वतःच लिहून ठेवले आहे. 1669 मध्ये मेक्सिको शहरातल्या सेंट जेरोमच्या मठात तिने व्रते घेतली, आणि तिथल्या आपल्या खोलीत बसून तिने सुनीते, नाटके, चर्चमध्ये गायची गीते आणि 975 ओळींचे ‘पहिले स्वप्न’ हे अवघड, अफाट काव्य लिहिले. तिचा पहिला संग्रह 1689 मध्ये थेट माद्रिदला छापला गेला.

तिलाही एक सुपीरियर भेटली होतीच. ‘फार पवित्र आणि फार भोळी’, असे हुआना तिचे वर्णन करते. मला एवढे सौजन्य जमणार नाही. अभ्यास म्हणजे धर्मन्यायालयाच्या चौकशीचे प्रकरण, असे मानून तिने पुस्तके बंद केली. साधारण तीन महिने हुआनाने पुस्तक हाती घेतले नाही, पण भोवरा खेळणाऱ्या मुली पाहून जमिनीवर पीठ पसरायला लावले आणि भोवऱ्याने उमटवलेल्या रेघा तपासल्या. स्वयंपाकघरातही तिचे डोळे उघडेच होते. अंडे तेलात एकसंध तळले जाते आणि पाकात मात्र विखुरते, हे टिपून ती म्हणते की ॲरिस्टॉटलने स्वयंपाक केला असता तर त्याने आणखी पुष्कळ लिहिले असते. आमच्या मावशीला असे उत्तर सुचले नसते असे नाही, पण ते लिहायला कागद कुणी दिला असता?

आणि बिशपांचे काय? पोर्तुगीज येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरू अंतोनियो व्हिएरा यांच्या एका प्रवचनाची हुआनाने केलेली चिकित्सा पुएब्लाच्या बिशपांनी 1690 मध्ये तिला न विचारता छापली आणि सोबत ‘सोर फिलोतेया’ या बाईच्या नावाआड लपून, आता लौकिक विद्या पुरे, असा उपदेश जोडला. तिने 1 मार्च 1691 रोजी दिलेले उत्तर म्हणजे स्त्रीच्या शिक्षणाच्या हक्काचे मी वाचलेले सर्वांत धारदार आणि सर्वांत विनयशील लेखन आहे. आजच्या भाषणात त्याचे नावसुद्धा नाही!

तिच्या अखेरच्या वर्षांत नेमके काय घडले याबद्दल अभ्यासकांत वाद आहेत, आणि तिचा पश्चात्ताप खराही असेल, हे मान्य करते. मठात तिच्या सेवेला एक गुलाम मुलगी होती, हेही मी लपवत नाही. पण 1694 मध्ये स्वतःच्या रक्ताने सही करून स्वतःला जगातली सर्वांत वाईट म्हणवून घेणारी बाई पाहून आपल्याला फक्त गहिवरून येते, चीड येत नाही, हे मला समजत नाही. तिच्या मृत्यूनंतर खोलीत पुस्तके आणि लिखाणाचे गठ्ठे सापडल्याची एक नोंद सांगतात. मावशीच्या ट्रंकेत दोन साड्या, एक जपमाळ आणि शाळेचे जुने फोटो होते. वह्या नव्हत्या.

आता थोडी शांत झाले आहे. वक्ते सज्जन आहेत, त्यांना बोल लावायचा नाही, आणि रडणाऱ्या बायकांत माझी सख्खी जाऊही होती. आयोजक भगिनींना आत्ताच फोन करून पुढच्या मेळाव्यासाठी माझे नाव दिले आहे. अट एकच घातली: ते 1691 चे पत्र मोठ्याने वाचायला मला निदान अर्धा तास हवा, आणि चहा त्यानंतरच.