बॉक्सिंग हा सर्वांत कठीण खेळ असल्याचे कोणी सिद्ध केले?

ग्वाल्हेरमधल्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप गटांत गेले काही आठवडे एक मजकूर फिरतो आहे. त्यात चार विधाने आहेत. बॉक्सिंग हा जगातील सर्वांत कठीण खेळ असल्याचे विज्ञानाने सिद्ध केले आहे, हे पहिले. बॉक्सरचा दमसास इतर कोणत्याही खेळाडूपेक्षा अधिक असतो, हे दुसरे. आपले देशी खेळ आणि क्रिकेट या स्पर्धेत कुठेच नाहीत, हे तिसरे. आणि मार खाण्याची सवय लहानपणीच लागली पाहिजे, म्हणून मुलांना लवकर रिंगणात उतरवावे, हे चौथे.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या एका शाळेत मी बरीच वर्षे शारीरिक शिक्षण शिकवले आणि बॉक्सिंग मला मनापासून आवडते. माझी पुतणी इथल्याच कंपू भागातल्या मैदानावर हॉकीचा सराव करते. तिच्या थोरल्या भावाने हा मजकूर दाखवून तुझा खेळ सोपा आहे असे तिला ऐकवले, तेव्हा ती माझ्याकडे आली आणि म्हणाली, "काका, हे खरं आहे का?" तिला तोंडी जे सांगितले, तेच येथे नीट मांडतो आहे.

पहिल्या विधानाचे मूळ २००४ सालचे आहे. ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीने त्या वर्षी साठ खेळांची एक क्रमवारी तयार केली. दमसास, ताकद, स्फोटक शक्ती, वेग, चपळाई, लवचिकता, धैर्य, मार सोसण्याची क्षमता, हात आणि डोळे यांचा मेळ, आणि डावपेचांची जाण अशा दहा निकषांवर आठ जणांच्या मंडळाने प्रत्येक खेळाला दहापैकी गुण दिले, त्यांची सरासरी काढली आणि बेरीज केली. मंडळात क्रीडाशास्त्राचे अभ्यासक होते, तसेच क्रीडापत्रकार आणि एक व्यावसायिक खेळाडूही होता. बॉक्सिंगला शंभरापैकी ७२.३७५ गुण मिळून ते पहिले आले आणि ७१.७५ गुणांसह आइस हॉकी दुसरी. मासेमारी शेवटची. हा जाणकारांचा कौल होता, आणि कौल म्हणून तो वाचनीयही आहे. परंतु कोणाच्या रक्तातले लॅक्टेट (जोराच्या श्रमात स्नायूंतून रक्तात येणारे द्रव्य) तपासून किंवा कोणाच्या हृदयाचे ठोके मोजून तो काढलेला नव्हता. १९५७ साली स्थापन झालेली लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण संस्था आपल्याच शहरात आहे. खेळाडूच्या शरीराची मोजणी आणि खेळाविषयीचे मत या दोन गोष्टींत काय अंतर असते, हे तिथला कोणताही विद्यार्थी सांगू शकेल.

पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकांतले अंतर ०.६२५ गुणांचे आहे. आठ जणांच्या सरासरीत याचा अर्थ एकूण पाच गुण होतो. म्हणजे आठांपैकी पाच जणांनी एखाद्या रकान्यात बॉक्सिंगला एकेक गुण कमी दिला असता, तर दोन्ही खेळ बरोबरीत आले असते, आणि सहावा गुण कमी होताच आइस हॉकी पहिली झाली असती. इतक्या पातळ रेषेवर 'सिद्ध झाले' हा शब्द उभा राहू शकत नाही.

याहून महत्त्वाची गोष्ट त्या बेरजेच्या पोटात आहे. बॉक्सिंगला सर्वाधिक गुण धैर्यासाठी मिळाले, ८.८८, मार सोसण्याच्या क्षमतेसाठी ८.५० मिळाले. हे दोन रकाने झाकून उरलेल्या आठ रकान्यांची, म्हणजे ज्याला आपण निखळ शारीरिक व बौद्धिक क्रीडाकौशल्य म्हणू त्याची, बेरीज केली, तर बॉक्सिंगचे सुमारे ५५ गुण उरतात. आइस हॉकीचे ५७.५ आणि बास्केटबॉलचे ५६ उरतात. मूळ यादीत सातव्या क्रमांकावर असलेले टेनिस ५४.७५ गुणांसह बॉक्सिंगच्या अगदी शेजारी येऊन बसते. त्याच मंडळाचे तेच आकडे आहेत, बदलला तो फक्त प्रश्न. धैर्य हा खेळाडूचा गुण नाही असे माझे म्हणणे मुळीच नाही, आणि रिंगणात एकट्याने उतरणाऱ्या मुलामुलींविषयी मला अतोनात आदर आहे. पण धोका मोठा असणे आणि शरीराकडून होणारी मागणी मोठी असणे या वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बॉक्सिंगचा पहिला क्रमांक मुख्यतः धोक्याच्या बाजूने आलेला आहे. लवचिकतेत त्याला ४.३८ गुण मिळाले, डावपेचांच्या जाणिवेत ५.६३. हा दुसरा आकडा मला स्वतःला अन्यायाचा वाटतो, कारण अंतर राखणे, हुलकावणी देणे आणि प्रतिस्पर्ध्याला हवे त्या कोपऱ्यात आणणे हे बुद्धीचे काम आहे. तरी आकडे त्यांचे आहेत, म्हणून मी तेच वापरले.

आता दमसासाकडे. शरीर एका मिनिटात वजनाच्या दर किलोमागे जास्तीत जास्त किती प्राणवायू वापरू शकते, हे दमसासाचे रूढ माप आहे. चांगल्या बॉक्सरमध्ये ते साधारण ५५ ते ६५ मिलिलिटर आढळते. लांब पल्ल्याचे सायकलपटू आणि बर्फावरून मैलोन्‌मैल स्कीइंग करणारे अव्वल खेळाडू ८० च्या पुढे जातात. यात बॉक्सरचा कमीपणा नाही. त्याचे काम वेगळे आहे. ऑलिंपिकमध्ये तो तीन मिनिटांच्या तीन फेऱ्या लढतो, मध्ये एकेक मिनिटाची विश्रांती असते, आणि त्या वेळात पाय सतत हलते ठेवून वारंवार स्फोटक ठोसे मारायचे असतात. हॉकीपटूला पंधरा मिनिटांच्या चार सत्रांत कमरेत वाकून धावायचे, थांबायचे, वळायचे आणि चेंडू काठीवर ठेवायचा असतो. दोन्ही शरीरांची घडण त्या त्या सरावाने होते.

'कोणताही खेळाडू रिंगणात एक मिनिट टिकणार नाही' असेही त्या मजकुरात ठासून लिहिले आहे. टिकणार नाही, हे खरे. पण त्याचे कारण दमसासाची कमतरता नव्हे. नवखा माणूस भीतीने खांदे आवळतो, श्वास रोखतो आणि प्रत्येक ठोशात पूर्ण ताकद घालतो, त्यामुळे लवकर थकतो. उत्तम बॉक्सर पाण्यात उतरला आणि त्याला पोहण्याचा सराव नसला, तर पन्नास मीटरमध्ये त्याचीही तीच अवस्था होईल.

तिसऱ्या विधानाचे उत्तर थोडक्यात देता येते. कबड्डी, खो-खो, मल्लखांब आणि क्रिकेट त्या यादीत हरलेले नाहीत. ते यादीत घेतलेच नव्हते. यादी अमेरिकी वाचकांसाठी होती, म्हणून रोडिओ या त्यांच्या गुराख्यांच्या खेळाला तीन वेगवेगळ्या जागा मिळाल्या. मल्लखांबाला मध्य प्रदेशाने २०१३ साली राज्यखेळाचा दर्जा दिला. ताकद, लवचिकता आणि चपळाई यांच्या रकान्यांत त्याला किती गुण पडले असते, याचा अंदाज ज्याने एकदा तरी खांबावर अढी मारून, म्हणजे पायांनी खांब आवळून, पाहिली आहे त्याने करावा. आणि २४ फेब्रुवारी २०१० रोजी आपल्या रूपसिंग स्टेडियमवर सचिन तेंडुलकरने १४७ चेंडूंत नाबाद २०० धावा केल्या, तेव्हा हात आणि डोळे यांचा मेळ काय असतो हे या शहराने प्रत्यक्ष पाहिले आहे.

चौथे विधान मात्र मी नुसते चुकीचे म्हणून सोडणार नाही, ते घातक आहे. सरावाने स्नायू बळकट होतात, मानही बळकट होते, पण मेंदू आघात सोसायला शिकत नाही. डोक्यावरचा ठोसा कवटीच्या आत मेंदूला हिसका देतो आणि अशा हिसक्यांचा परिणाम साठत जातो. १९८२ साली लास व्हेगासमध्ये रे मॅन्सिनीविरुद्धच्या जागतिक विजेतेपदाच्या लढतीनंतर दक्षिण कोरियाचा किम डुक-कू मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावला. तो चौदाव्या फेरीत कोसळला होता. त्यानंतर जागतिक विजेतेपदाच्या लढती पंधराऐवजी बारा फेऱ्यांच्या झाल्या. कसलेल्या व्यावसायिक बॉक्सरच्या बाबतीत जर फेऱ्या कमी कराव्या लागल्या, तर आठ-दहा वर्षांच्या मुलाला मार खाण्याची 'सवय' लावण्याचा सल्ला कोणत्या आधारावर दिला जातो? बॉक्सिंगमधले पहिले कौशल्य ठोसा चुकवण्याचे आहे, आणि ते डोक्यावर एकही ठोसा न खाता वर्षानुवर्षे शिकता येते: दोरीवरच्या उड्या, पायांची ठेवण, पिशवीवरचा सराव, आरशासमोर एकट्यानेच, प्रतिस्पर्ध्याशिवाय केलेली मोकळी लढत.

पुतण्याला बॉक्सिंगच्या वर्गात जायचे असेल, तर त्याने जरूर जावे. मी स्वतः त्याच्याबरोबर जाईन. प्रशिक्षकांना माझा पहिला प्रश्न असा असेल की डोक्यावर ठोसे असलेला सराव ते कोणत्या वयात आणि आठवड्यातून किती वेळा घेतात, आणि ठोसा लागून मूल गरगरले तर ते त्याला किती दिवस रिंगणाबाहेर ठेवतात.