जुनी आउटबोर्ड लिलावात टाकताय? आधी तो स्प्रेचा डबा खाली ठेवा

मंडळी, पोस्ट मोठी आहे, पण वेळ काढून वाचा. जुन्या आउटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या मोटरी ऑनलाइन लिलावात घेणं, उघडणं, चालू करणं आणि जमलं तर चांगल्या हातात विकणं हा माझा जीव की प्राण, आणि हल्ली जिकडे बघावं तिकडे एकच प्रकार दिसतोय. मोटर साठ-सत्तर वर्षांची, फोटोत मात्र काल शोरूममधून आणल्यासारखी चकचकीत, खाली लिहिलेलं 'फुल्ली रिस्टोअर्ड', आणि आत काय परिस्थिती आहे त्याबद्दल अवाक्षर नाही. बोली चढते ती हिच्यावरच. त्याच पानावर दुसरी एखादी मळकट, रंग उडालेली, पण सगळे मूळ पार्ट जागेवर असलेली आणि विकणाऱ्याने कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधल्या दाबाचा, आकडासुद्धा दिलेला, तिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही. मला याचा मनापासून राग येतो.

रंग मारला की नुसती शोभा वाढत नाही, पुरावा जातो. ब्रिटिश सीगलचंच घ्या. १९३१ पासून १९९६ पर्यंत इंग्लंडमध्ये बनलेली मोटर, वर झाकण नाही, फ्लायव्हील, म्हणजे वरचं फिरणारं जड चाक, उघडं, त्याच्या खाचेत दोरी गुंडाळायची आणि ओढायची, संपला विषय. तिच्या अंगावर ठोकलेल्या नंबरातल्या पहिल्या अक्षरांवरून मॉडेल कळतं आणि नंतरच्या मोटरींवर शेवटच्या अक्षर-आकड्यावरून महिना आणि वर्षसुद्धा कळतं. आता लोक काय करतात, सँडपेपर मारतात, दोन हात जाड रंग देतात, आणि तो नंबर बुजून जातो. म्हणजे त्या मोटरचा जन्मदाखलाच तुम्ही पुसला, वर किंमत जास्त मागताय.

दुसरं म्हणजे खारं पाणी. आपल्या खाडीत चाललेल्या मोटरीला अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, स्टीलचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये असे धरून बसतात की पाना लावला की मुंडी तुटून हातात. उघड्या डोळ्यांना ती भुकटी दिसली तर घेणारा विचार करून बोली लावतो. रंगाखाली दाबली तर त्याला कळतं मोटर घरी आल्यावर, पैसे गेल्यावर. गेल्या पावसाळ्याआधी आमच्या ओळखीतल्या एका पोराने अशीच एक घेतली, फोटोत देखणी होती, घरी येऊन खालचा गिअरचा भाग उघडला तर पुट्टी भरून घासून रंगवलेला. विकणाऱ्याने फोन उचलणं बंद केलं.

मी बेलापूरला राहतो, दिवाळे कोळीवाडा जवळच. तिथले एक काका आहेत, आयुष्य होडीवर गेलं, मोटर कुठल्या कंपनीची ते आधी विचारतसुद्धा नाहीत. स्पार्क प्लग काढतात, त्या भोकावर अंगठा दाबून धरतात आणि दुसऱ्या हाताने फ्लायव्हील फिरवतात. हवा अंगठा ढकलून बाहेर आली पाहिजे, फट्ट आवाज आला पाहिजे. मग प्लग वायरला लावून बॉडीला टेकवतात आणि सावलीत धरून ठिणगी बघतात, निळी आहे की नुसती पिवळी मरतुकडी. मग गिअरच्या तेलाचा स्क्रू सैल करतात. तेल दुधासारखं आलं तर पाणी शिरलंय, सील गेलीय. (सीगलमध्ये थोडं पाणी शिरणारच, तिची बांधणीच तशी, म्हणून तिथे ते एवढं मनावर घेत नाहीत.) पाच मिनिटांत सगळं सांगून मोकळे. एकदा एक रंगवलेली मोटर दाखवली तर म्हणाले, "रंगावर होडी चालते का रे?"

काका जे बघतात तेच लिलावाच्या पानावर असायला हवं, माझं एवढंच मागणं आहे. अंगठ्याऐवजी कॉम्प्रेशन गेज लावा, शे-दोनशेचं नसेल पण फार महागही नसतं, आणि आकड्याचा फोटो टाका. गिअरचं तेल एका पांढऱ्या झाकणात काढून फोटो टाका. गोड्या पाण्याच्या पिंपात मोटर लावून चालू केल्याचा व्हिडिओ टाका, त्यात थंड मोटर पहिल्या दोरीपासून दिसू दे, आधीच गरम करून ठेवलेली नको. चालू होत नसेल तर तसं लिहा! बंद मोटरलाही घेणारा असतो, फसवलेला माणूस मात्र परत या बाजारात येत नाही.

घेणाऱ्यांनीही जरा डोकं लावावं. अमेरिकेतली मोटर असेल तर खालच्या गिअरच्या भागावर चीर आहे का ते विचारा, तिकडे आत राहिलेलं पाणी थंडीत गोठतं आणि बर्फ फुगून धातू फोडतो, आपल्याकडे हे कुणाच्या ध्यानीमनीही येत नाही. १९५० च्या दशकातल्या जॉन्सन आणि एव्हिनरूड या अमेरिकन कंपन्यांच्या बऱ्याच मोटरींना दोन नळ्यांची टाकी लागते, मोटर एका नळीने टाकीत हवा ढकलते आणि त्या दाबाने दुसऱ्या नळीतून पेट्रोल येतं. मोटरमध्ये वेगळा फ्युएल पंप नसतोच. त्यामुळे टाकीशिवाय विकली जाणारी अशी मोटर म्हणजे अर्धीच मोटर, आजची साधी एका नळीची टाकी तिला चालत नाही. हे माहीत असेल तर बोली आपोआप जागेवर येते. आणि आपली शेवटची रक्कम आधीच ठरवून टाका, त्यात वाहतूक धरा, पंधरा-वीस किलोचं लोखंड आहे ते, शेवटच्या मिनिटाला इरेला पेटून आकडा वाढवू नका. परदेशातून आणायची तर ड्युटी आणि जुन्या मालाच्या आयातीचे नियम हे सगळं आधी बघा.

खरं सांगू, या बाबतीत सरकारी भंगाराचे ई-लिलाव मला जास्त प्रामाणिक वाटतात. एमएसटीसीसारख्या ठिकाणी माल 'जसे आहे जेथे आहे' तत्त्वावर निघतो, अनामत भरावी लागते, लॉटमध्ये काय काय गळ्यात पडेल सांगता येत नाही, पण बोलीआधी जाऊन माल बघता येतो आणि तिथे कुणी गंजावर रंग मारत बसलेलं नसतं.

पार्ट सुटे करून विकणाऱ्यांबद्दलही बोलतो. कॉइल वेगळी, कार्ब्युरेटर वेगळा, टाकी वेगळी, असं केलं की जास्त पैसे येतात हे मान्य. ओले एव्हिनरूडने १९०९ मध्ये मिलवॉकीत मोटरी विकायला सुरुवात केली, आणि २०२० मध्ये त्या नावाच्या मोटरी बनणंच बंद झालं, त्यामुळे जुन्या पार्टला भाव आहेच. ज्या मोटरचा ब्लॉक फुटलाय तिचे पार्ट खुशाल विका, त्यातून दुसऱ्या चार जगतील. पण चालती, पूर्ण मोटर फोडू नका. आज जी फोडाल ती परत कुठल्याच कारखान्यातून येणार नाही.

आता ठाणे-नवी मुंबईच्या मंडळींना सांगतो. चेंदणी, दिवाळे, सारसोळे, वाशी, दिवा-ऐरोली, कुठल्याही कोळीवाड्यात घराच्या मागे, माळ्यावर, जाळ्यांखाली जुनी आउटबोर्ड पडली असेल तर भंगारवाल्याला किलोवर देण्याआधी मला एक मेसेज करा. नंबर ठोकलेल्या जागेवर रॉकेलचा बोळा फिरवा, घासू नका, आणि तिथला फोटो पाठवा. सोबत पंखा, टाकी आणि आजोबांनी कुठे ठेवून दिलेले पाने असतील तर तेही एकत्र ठेवा. विकायची नसेल तरी हरकत नाही, मी येऊन चालू होते का बघतो, त्याचे पैसे घेत नाही.