ढग असले तर पाऊस पाडू!

पावसाने ओढ दिली की आपल्याकडे दोन गोष्टी हमखास होतात. गावात देव पाण्यात ठेवतात आणि मुंबईत कृत्रिम पावसाचं विमान मागवायची फाईल हलते. पहिल्या गोष्टीला हसणारे बरेच जण दुसरीवर टाळ्या वाजवतात, म्हणून आज हे जरा सविस्तर.

२०१९ आठवा. उन्हाळ्यात मंत्रिमंडळाने कृत्रिम पावसासाठी ३० कोटी मंजूर केले. ऑगस्टमध्ये औरंगाबादहून (तेव्हा नाव तेच होतं) विमान उडायला लागलं. त्याच महिन्यात कोल्हापूर-सांगलीत लोक घराच्या वरच्या मजल्यावर बसून बोटीची वाट बघत होते. एकाच राज्यात! त्याआधी २००३ आणि २०१५ लाही विमानं आणून झाली होती. क्रम ठरलेला: पेरण्या करपतात, बोंब होते, मग निविदा, मग परवानग्या, मग विमान. तोवर अर्धा पावसाळा सरलेला असतो.

विमान ढग तयार करत नाही, एवढी एक गोष्ट लोकांना कळली तरी निम्मे वाद मिटतील. आपल्याकडच्या ढगांत साधारण असं करतात: ढगाच्या बुडाशी, जिथे हवा वर चढत असते तिथे, विमान नेऊन पंखाला लावलेल्या नळकांड्या पेटवायच्या. त्या धुरात कॅल्शियम क्लोराईडसारख्या क्षाराचे बारीक कण असतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं तसे हे कण ओलावा ओढून घेतात, थेंब जाड होतात, एकमेकांवर आपटून आणखी जाड होतात आणि खाली येतात. उंचावरच्या थंड ढगांत सिल्व्हर आयोडाईड वापरतात, कारण त्याच्या स्फटिकाची ठेवण बर्फासारखी असते. म्हणजे आधी ढग हवा, तोही भरलेला आणि वर चढणारा. दुष्काळात नेमका तोच नसतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये दिल्लीत प्रदूषण धुऊन काढायला आयआयटी कानपूरने विमान उडवलं. ढगांत ओलावाच नव्हता, रस्ता भिजेल इतकाही पाऊस झाला नाही.

मग हे सगळं थोतांड? नाही, आणि इथेच माझं काही मित्रांशी वाजतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेने २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात सोलापूरला केलेला प्रयोग मला मनापासून आवडतो. २७६ ढग निवडले. कुठल्या ढगात क्षार सोडायचा आणि कुठला तसाच ठेवायचा हे कुणाच्या मर्जीवर न ठेवता योगायोगावर सोडलं. नाहीतर माणूस चांगला गुबगुबीत ढग हेरून तिथेच नळकांडी पेटवणार आणि नंतर सांगणार, बघा, पाडला की नाही! रडार आणि पर्जन्यमापक लावून जो हिशेब आला तो असा: ढगाच्या पुढे, वारा वाहतो त्या दिशेच्या सुमारे १०० चौरस किलोमीटरमध्ये सरासरी १८ टक्के जास्त पाऊस, काही ठिकाणी ४६ टक्क्यांपर्यंत. खर्च लिटरमागे १८ पैसे.

१८ पैसे ऐकून सगळे खूश. दहा हजार लिटरच्या टँकरला १,८०० रुपये पडले म्हणा. पण टँकर विहिरीत रिकामा करता येतो. हे पाणी मुरमाड माळावर पडेल, डांबरी रस्त्यावर पडेल, एखाद्याचं नशीब असेल तर त्याच्या तुरीत पडेल. शिवाय त्याच सोलापूर जिल्ह्यात उसाचे फड किती आणि कारखाने किती, हे मी सांगायला नको. वर विमान फिरवून थेंब मोजायचे आणि खाली पाटाने उसाला मोकाट पाणी. यावर कुठलाही पक्ष बोलत नाही, कारण उसावर बोलण्यापेक्षा विमानासमोर उभं राहून फोटो काढणं केव्हाही सोपं.

एवढं लांबण लावायचं कारण दुसरंच आहे. याहून कितीतरी मोठी फाईल आता जगात फिरतेय: पृथ्वी तापतेय ना, मग सूर्यप्रकाशच थोडा अडवा. विमानांनी वरच्या थरात, स्थितांबरात, गंधकाचे कण फवारायचे. कल्पना हवेतली नाही. जून १९९१ मध्ये फिलिपिन्सचा पिनाटुबो ज्वालामुखी फुटला, दीड-दोन कोटी टन सल्फर डायऑक्साईड, म्हणजे गंधकाचाच वायू, वर गेला आणि पुढच्या वर्षी पृथ्वीचं सरासरी तापमान सुमारे अर्धा अंश उतरलं. हे सगळे सांगतात. त्याच काळात जगभर जमिनीवरचा पाऊस आणि नद्यांचं पाणीही घटलं, हे मात्र हळू आवाजात सांगतात.

आपलं पोट जून ते सप्टेंबर या चार महिन्यांवर चालतं. मोसमी वारे येतात ते जमीन समुद्रापेक्षा जास्त तापते म्हणून. ऊन कमी केलंत तर तो फरक किती उरेल? आणि हे तपासणार कसं? विमानातून पहिल्यांदा ढगात कोरडा बर्फ टाकला गेला १९४६ मध्ये, आणि एका जिल्ह्यातल्या ढगांबद्दल असा नीट पुरावा हातात यायला सत्तर वर्षं गेली. तिथे निदान तुलनेला न छेडलेले ढग होते. न छेडलेली दुसरी पृथ्वी कुठून आणणार? फवारणी केलेल्या वर्षी मराठवाड्यात पावसाचा महिनाभर खंड पडला, तर तो फवारणीमुळे की एल निनोमुळे, हे कुठल्या कोर्टात सिद्ध करणार?

एकदा सुरू केलं की थांबवताही येत नाही. कार्बन वर साचतच राहिला आणि फवारणी मध्येच बंद पडली, तर दाबून ठेवलेली उष्णता काही वर्षांत एकदम अंगावर येईल.

स्वीडनमध्ये किरुनाजवळ हार्वर्ड विद्यापीठाच्या लोकांना अशाच फवारणीच्या प्रयोगासाठी फक्त एक फुगा सोडून उपकरणं तपासायची होती, कण न सोडता. तिथल्या सामी या मूळनिवासी समाजाच्या परिषदेने हरकत घेतली, २०२१ मध्ये ते थांबलं आणि २०२४ मध्ये प्रकल्पच गुंडाळला. त्या लोकांना निदान वेळेत 'नको' म्हणता आलं. मेक्सिकोत तर एका अमेरिकी स्टार्टअपने न विचारताच फुगे सोडले, मग २०२३ मध्ये तिथल्या सरकारने अशा प्रयोगांवर बंदीची घोषणा केली. आंतरराष्ट्रीय कायदा म्हणाल तर १९७६ चा एक करार आहे, अमेरिकेने व्हिएतनाम युद्धात पावसाळा लांबवायला ढगांत रसायनं सोडली त्यानंतरचा. तो हवामानाचा शत्रुत्वाने वापर करायला मनाई करतो. 'तुमच्या भल्यासाठी' केलं तर त्यात काहीच अडवत नाही.

कमेंटमध्ये लगेच येईल, 'मग संशोधनच बंद करायचं का?' अजिबात नाही. पुण्यातच संगणकावर मॉडेल चालवून आपल्या मोसमी पावसाचं काय होईल ते आपणच काढावं, अमेरिकेच्या आकड्यांवर विसंबू नये. पण सूर्याच्या बाबतीत एकही विमान वर जायच्या आधी मोसमी पावसावर जगणाऱ्या देशांना नकाराचा हक्क हवा. आणि राज्य सरकारला पुढच्या दुष्काळात विमान आणायचंच असेल, तर जूनच्या आधी रडारसकट आणा, सोलापूरसारखे काही ढग न छेडता सोडा आणि दोन्हींचे आकडे जाहीर करा.