श्वास घ्या, आणि ती फाईल पाठवा

अभिनंदन! तुमच्या हाताखाली माणसं आली. माणसं आली की त्यांची मनंही आली, आणि हल्ली मनांकडेही बघावं लागतं, तसा वरून मेल येतो. घाबरून जाऊ नका. काळजी घेण्यापेक्षा काळजी घेतल्याचं दाखवणं पुष्कळ स्वस्त पडतं, आणि फोटोही त्याचेच चांगले येतात. मी नुकताच अशा एका काळजीतून सहीसलामत बाहेर आलोय, तेव्हा हे अनुभवाचे बोल आहेत.

सुरुवात तणावमुक्तीच्या सेशननं करा. दिवस महिनाअखेरचा निवडा, ज्या दिवशी रिपोर्ट द्यायचाच असतो तो. वेळ जेवणाच्या सुट्टीची ठेवा, म्हणजे कामाचं एक मिनिट वाया जात नाही. आणि उपस्थिती सक्तीची करा. मनःशांती ऐच्छिक ठेवली तर कोणी फिरकत नाही.

आमच्याकडे हे सगळं अगदी शास्त्रशुद्ध पार पडलं. पस्तीस माणसं, कॉन्फरन्स रूममध्ये खुर्च्या वीस. उरलेल्यांनी भिंतीला टेकून तणावमुक्त व्हायचं. ट्रेनर बाईंनी मंद संगीत लावलं, सगळ्यांना डोळे मिटायला लावले आणि म्हणाल्या, "तुमच्या डोक्यावरचं सगळं ओझं एका ढगावर ठेवा. आता तो ढग दूर जाऊ द्या." मी ठेवलं हो. अगदी प्रामाणिकपणे ठेवलं. ढग जेमतेम खिडकीपर्यंत पोचला असेल, तोच मांडीवरचा फोन थरथरला. मी एक डोळा किलकिला केला. "फायनल व्हर्जन कुठेय? अर्जंट." पाठवणारे साहेब माझ्यापासून चार खुर्च्यांवर. पाठ ताठ, चेहरा प्रसन्न, डावा डोळा मिटलेला, उजवा अर्धा उघडा, आणि अंगठा स्क्रीनवर भराभरा चाललेला. बाई म्हणत होत्या, "आता सावकाश श्वास सोडा." तेवढ्यात दुसरा मेसेज. त्यात शब्द नव्हते, दोन प्रश्नचिन्हं होती.

श्वास सुटला. त्यासाठी बाईंची गरज नव्हती.

शेवटी फीडबॅक फॉर्म आला, निनावी. 'सेशननंतर तुम्हाला किती हलकं वाटतंय? १ ते ५.' एम्प्लॉयी आयडीचा रकाना आधीच भरलेला होता. मी ५ दिले. तुम्हीही टीमला असा निनावी फॉर्म जरूर द्या. आणि कोणी २ दिलेच, तर त्याला दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये बोलावून प्रेमानं विचारा, "सगळं ठीक आहे ना घरी?"

'घरी' हा शब्द महत्त्वाचा. माणसाला ताण आला तर तो घरून येतो, झोपेतून येतो, मोबाईलमधून येतो, त्याच्या स्वभावातून येतो. कामातून येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये बर्नआउटची व्याख्या करताना 'कामाच्या ठिकाणचा, नीट हाताळला न गेलेला दीर्घकाळचा ताण' असं कारण दिलंय, पण इतकं बारीक कोण वाचतं? त्यांनी तीन लक्षणंही सांगितली आहेत: पार गळून जाणं, कामावरून मन उडणं आणि आपल्या हातून काही धड होत नाही असं वाटणं. तुमच्या टीममध्ये कोणात ही तिन्ही दिसली तर अप्रेझलमध्ये एकच शब्द लिहा: अ‍ॅटिट्यूड.

रजेला कधीही नाही म्हणू नका. "घे ना, हक्काची आहे तुझी. फक्त तुझं काम कोण बघणार तेवढं सांग," इतकंच म्हणा. माणूस आपला अर्ज आपणच मागे घेतो.

केबिनचं दार सदैव उघडं ठेवा. कोण कोण आत आलं ते लक्षात ठेवा.

रात्रीचे मेसेज हे तर एक शास्त्र आहे. थेट काम सांगू नये, ते क्रूर दिसतं. रात्री पावणेअकराला लिहावं, "उद्या बघितलंस तरी चालेल." सकाळी सव्वासातला विचारावं, "बघितलंस?" फ्रान्समध्ये १ जानेवारी २०१७ पासून कामाच्या वेळेनंतर फोन-मेलपासून सुटका मिळण्याचा हक्क कायद्यात आहे. पोर्तुगालनं २०२१ मध्ये त्याच्या पुढे जाऊन कामाच्या वेळेबाहेर माणसाला गाठू नका असं मालकांनाच बजावलं. असू दे. त्यांच्याकडे तुमच्यासारखी तळमळीची माणसं नसतील.

'आपण सगळे एक कुटुंब आहोत' हे वाक्य पगारवाढीच्या महिन्यासाठी राखून ठेवा.

१० ऑक्टोबरला मानसिक आरोग्य दिनाचं पोस्टर लावा. ११ला काढा.

चुकांचं काय करायचं? एमी एडमंडसन नावाच्या बाई हॉस्पिटलमधल्या टीम अभ्यासत होत्या. चांगल्या टीममध्ये चुका कमी नोंदलेल्या असतील असा त्यांचा अंदाज होता. निघाल्या जास्त! कारण तिथल्या लोकांना चूक झाली म्हणून सांगायची भीती वाटत नव्हती. तुम्हाला असला आकडा परवडणार नाही. तेव्हा टीममधली पहिली चूक पकडा आणि चुकणाऱ्याला भर मीटिंगमध्ये असं सोलून काढा, की बाकीचे लॅपटॉपमध्ये तोंड घालून बसतील. पुढच्या चुका तुम्हाला कधीच दिसणार नाहीत. थेट क्लायंटला दिसतील.

आणि कोणी राजीनामा दिला तर निरोपाच्या भाषणानंतर, ती व्यक्ती लिफ्टमध्ये शिरली की, हळूच म्हणा, "तशी फार सेन्सिटिव्ह होती." आमच्याकडे म्हणाले तसं. सहा महिने तीन माणसांचं काम एकटी ओढत होती ती. दोघं सोडून गेले, त्यांच्या जागा भरल्या नाहीत, 'तात्पुरतं बघ' म्हणून सगळं तिच्या गळ्यात. जिन्यात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मधल्या लँडिंगवर ती तोंड धुतल्यासारखी ओली उभी असायची, कोणी आलं की फोनवर बोलत असल्याचं दाखवायची. फोनची स्क्रीन काळी असायची. सेन्सिटिव्ह म्हणे! तीन माणसांचं ओझं लादलेला माणूस वाकला तर तो सेन्सिटिव्ह, आणि लादणारा कोण?

नाही, आता सल्ला वगैरे पुरे.

आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी चाललंय हे. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०२१ मध्ये आकडे दिले: आठवड्याला ५५ किंवा जास्त तास काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तासवाल्यांपेक्षा पक्षाघाताचा धोका ३५ टक्के जास्त, हृदयविकारानं मरण्याचा १७ टक्के. त्यात माणूस श्वास कसा घेतो याचा कुठे उल्लेख नाही. तास मोजलेत, तास! काम झेपेल त्याहून जास्त आणि ते कसं, कधी करायचं यात स्वतःचा शब्द नाही, अशा जोडीनं माणूस पिचतो हे रॉबर्ट कॅरासेक या संशोधकानं १९७९ मध्येच लिहून ठेवलं. ब्रिटनमधल्या ४६ हजारांवर नोकरदारांची माहिती २०२४ मध्ये ऑक्सफर्डच्या एका संशोधकानं तपासली, तर असली सेशनं आणि अ‍ॅप वापरणारे न वापरणाऱ्यांपेक्षा सुखी नव्हतेच. तुम्हाला हे ठाऊक नाही असं नाही. पण माणूस भरायचा तर बजेट लागतं, आणि ढगाला लागत नाही.

मग निदान तोंड तरी बंद ठेवा. त्या दीड तासात आम्हाला जेवू दिलं असतंत तरी आम्ही ५ दिले असते, खरे.

आणि हे वाचून माना डोलावणाऱ्या आपल्यासारख्यांनी फार खूश होऊ नये. एक गोष्ट मी मघाशी गाळली. साहेबांची दोन प्रश्नचिन्हं आल्यावर मी काय केलं? शेजारी माझी ज्युनिअर बसली होती. अडीच महिने झालेत तिला लागून. डोळे घट्ट मिटून, खरंच ढगाबरोबर निघाली होती बिचारी. मी तिला मेसेज टाकला, "ती शीट पाठव लगेच." तिच्या मांडीवरचा फोन थरथरताना मी बघितला. ती दचकली, माझ्याकडे बघून "सॉरी सर" म्हणाली, आणि मला त्यात काही वावगं वाटलं नाही. घरी जाईपर्यंत वाटलं नाही. सॉरी कशाबद्दल म्हणाली ती? डोळे मिटले म्हणून? ते मिटायला सांगितलेच होते की! साहेबांना शिव्या घालायला मी मोकळा, आणि खाली ढकलायलाही मोकळा. त्यांना "सेशन संपल्यावर पाठवतो" एवढं लिहायला मला कोणाची परवानगी हवी होती? बोटं होती, फोन होता. धमक नव्हती. दुसऱ्या दिवशी मी तिला सॉरी म्हणालो, तर ती आणखीच घाबरली.

ती अर्जंट फाईल मी दीड वाजून चार मिनिटांनी पाठवली. आज आठवा दिवस. साहेबांनी अजून उघडलेली नाही. दिसतं ते.